रस्त्यात फ्लॅपशेल कासव दिसलं तर काय करायचं

पावसाळ्यात तळ्याजवळच्या रस्त्यावर हे कासव हमखास दिसतं, कारण तळं आटलं की ते मातीत पुरून घेऊन दिवस काढतं आणि पाऊस पडला की पाण्याच्या शोधात निघतं. ओळखायचं कसं? पाठ गुळगुळीत, चामडीसारखी, आणि पोटाकडे मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा, पाय आत ओढले की बंद होतात, बघण्यासारखं असतं ते!

आधी गाड्या थांबवा. मग दोन्ही हातांनी कवचाच्या मागच्या बाजूला कडेने धरा, मान लांब असते आणि चावा जोरात बसतो. शेपटीला धरून कधीच उचलू नका. ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला सोडा, उलटं नेलं तर ते परत रस्त्यावर येणार.

घरी नेऊ नका प्लीज, आणि विहिरीत तर अजिबात टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, पाळणं गुन्हा आहे. कवच फुटलं असेल तर हवा लागेल अशा खोक्यात ओलं फडकं घालून ठेवा, महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.