जुनी जेट स्की घरी उभी करताना: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

जुनी टू-स्ट्रोक जेट स्की पुन्हा चालती करायला कोल्हापूरसारखं गाव नाही, असं माझं ठाम मत आहे. समुद्र घाटाखाली दीडेकशे किलोमीटरवर असेना का. बोअरिंग, लेथ, वेल्डिंग, फायबरचं काम असं सगळं उद्यमनगरच्या चार गल्ल्यांत होतं. आरएक्स १०० वर हात बसलेले मिस्त्रीही अजून भेटतात. ज्याला आरएक्सचा पिस्टन कळतो त्याला जेट स्कीचं इंजिन समजावून सांगावं लागत नाही. त्याला फक्त दोन नव्या गोष्टी कळायला हव्यात: हे इंजिन पाण्यावर थंड होतं आणि पाण्यामुळेच मरतं.

मी लेथवर जॉबवर्क करतो. माझ्याकडची मशीन म्हणजे यामाहाची वेव्हरनर थ्री, दोन सिलिंडरची, ७०१ सीसी. बंद अवस्थेत ४० हजारांना घेतली आणि तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढली. बजेटचा माझा नियम हाच. खरेदीइतके पैसे हातात शिल्लक नसतील तर मशीन घरी आणूच नये. आणि ते पैसे एका क्रमानं सोडायचे: आधी इंजिनचं पोट, मग पेट्रोलची वाट, मग पाण्याची वाट, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी, उरले तर.

घेताना

मे संपत आला की तारकर्ली, देवबाग, मालवणकडचे वॉटर स्पोर्ट्सवाले मशिनी पाण्याबाहेर काढतात. ज्या दुरुस्तीला परवडत नाहीत त्या तेव्हा विकायला निघतात. जाताना इंजिन फिरवायला चार्ज केलेली बॅटरी, टॉर्च, प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज आणि एक रुपयाचं नाणं घेऊन जा.

आधी मागे उजव्या अंगाला कोरलेला १२ अक्षरांचा नंबर बघा. यामाहाचा नंबर YAM नं म्हणजे वाय-ए-एम या अक्षरांनी सुरू होतो, कावासाकीचा के-ए-डब्ल्यू आणि सी-डूचा झेड-झेड-एन. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. पार्ट मागवताना याच नंबराचा आधार लागतो, शिवाय कागदपत्रांवरचा नंबर हाच आहे का तेही तिथेच कळतं. खरेदीची पावती आणि आधीच्या मालकाचे कागद नसतील तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

सीट उचलून आत बघा. हलच्या, म्हणजे फायबरच्या सांगाड्याच्या, आतल्या भिंतीवर इंजिनच्या वर पाण्याची रेघ दिसली तर मशीन कधीतरी बुडलेली आहे. मग क्रँकच्या बेअरिंगचा खर्च धरूनच भाव बोला. प्लग काढा आणि कपलिंग (इंजिन आणि पंपाचा शाफ्ट जोडणारा सांधा) हातानं फिरवा. फिरलं नाही तर तिथे जोर लावू नका. सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल अर्धंअर्धं ओतून रात्रभर मुरवलं की बहुतेक वेळा सुटतं, पण ते घरी आणल्यावर. भाव मात्र जाम इंजिनचाच द्या.

फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी अर्थला लावलेल्या (मोकळ्या सोडल्या तर ठिणगी देणारा सीडीआय बॉक्स जाऊ शकतो) आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. धडधाकट ७०१ मध्ये काटा १५० पीएसआयच्या आसपास जातो. १२० च्या खाली आला, किंवा दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर पिस्टनचं काम आहे असं समजून पुढे जा.

नाणं हलसाठी. खालच्या बाजूनं ठोकत जायचं. चांगल्या फायबरवर आवाज टणक येतो, जिथे थर सुटलाय तिथे बद्द येतो. बद्द जागेवर खडूनं खूण करा आणि मालकाला दाखवा.

मशीन दोनशे किलोच्या घरात भरते. छोट्या हत्तीत जुन्या टायरांवर नीट बसते.

इंजिनचं पोट

इंजिन उतरवण्याआधी माउंटच्या खाली बघा. पातळ पत्र्याच्या शिम असतात, प्रत्येक कोपऱ्यात वेगळ्या जाडीच्या. कुठली कुठे होती ते लिहून, त्या त्या बोल्टलाच बांधून ठेवा. त्या शिमांवर इंजिन आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत असतो. अदलाबदल झाली की कपलिंगचं रबर खाऊन टाकतं.

खाऱ्या पाण्यातल्या मशीनचे बोल्ट ॲल्युमिनियमला चिकटतात. पाना लावून झटका देऊ नका. गंज सोडवणारं तेल मारून दिवसभर ठेवा, मग ब्लोअरनं बोल्टच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवा आणि सोडवताना पुढे-मागे करत काढा. तरीही तुटला तर घरी ड्रिल घेऊन बसू नका. उद्यमनगरात तुटलेले टॅप काढायला स्पार्क इरोजनवाले (विजेच्या ठिणगीनं धातू खाणारी मशीनवाले) असतात. त्यांच्याकडे तुटका स्टड निघतो आणि मूळ आटा वाचतो.

आता बोअरिंग. इथे पैसे वाचवायचे नाहीत आणि घाईही करायची नाही. सिलिंडर बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजा. ७०१ चा मूळ बोअर ८१ मिमी. पिस्टन ओव्हरसाइज मिळतात, पाव मिमीच्या पायरीनं. आधी मापं घ्या, मग पिस्टन मागवा, आणि पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर बोअरिंगला टाका. पिस्टन आणि बोअरमधला गाळा पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेला असतो. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला कास्टपेक्षा जास्त गाळा लागतो. कागद सिलिंडरसोबतच द्या. "नेहमीसारखा ठेवा" एवढंच सांगितलं तर मिस्त्री आपल्या ओळखीच्या गाडीचा गाळा ठेवणार.

चारचाकीची इंजिनं करणाऱ्याकडे काम दिलं असेल तर एक गोष्ट मुद्दाम बजावून सांगा. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. बोअर केल्यावर त्या पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या होतात. रिंग वर-खाली जाताना त्या कडेत अडकते आणि तुटते. म्हणून बोअरिंगनंतर, होनिंगच्या (दगडानं भिंत गुळगुळीत घासण्याच्या) आधी, प्रत्येक पोर्टची कड बारीक गोल करून घ्यायची. मी हे काम स्वतः करतो. बारीक अर्धगोल कानस, वर १८० चा पॉलिश पेपर, आणि शेवटी नख फिरवून बघतो. नख अडलं की अजून काम बाकी. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या-खालच्या कडेला सगळ्यात जास्त वेळ द्या, रिंग तिथेच बाहेर डोकावते. होनिंग झालं की सिलिंडर गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणानं धुवा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर यायला हवं. लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर तासाभरात गंजाची झाक येते.

क्रँकचं सील तपासायला महागडं काही लागत नाही. इनलेट आणि एक्झॉस्टवर गॅस्केटच्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रबर घालून आवळा, सायकलच्या पंपानं आठेक पीएसआय हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. सीलमधून खेचली गेलेली जादा हवा मिश्रण पातळ करते आणि नवाकोरा पिस्टन वितळवते.

पेट्रोलची वाट

जुन्या जेट स्कीची इंजिनं मरतात ती बहुतेक पेट्रोल कमी पडल्यानं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी बदला. जुनी नळी वरून कितीही चांगली दिसू दे. नव्वदच्या दशकातल्या सी-डूला करड्या रंगाच्या नळ्या होत्या. त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकट गाळ कार्बोरेटरच्या जाळीत बसतो. तशा नळ्या दिसल्या तर मशीन सुरू करायचा प्रयत्नच करू नका. आता पंपावर मिळतं ते इथेनॉलचं ई२० पेट्रोल, ते जुन्या रबराला आणखी त्रास देतं. इंधनासाठीची म्हणून लिहिलेली नळी घ्या, पाण्याची पारदर्शक नळी चालणार नाही.

मिकुनीच्या कार्बोरेटरला मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो, पडदे असतात. आत, सुईच्या वाटेवर, नखाएवढी एक जाळी असते. ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. कार्बोरेटर बाहेरून चकाचक आणि जाळी गाळानं बंद, असं हमखास दिसतं. पडदे, सुई, सीट यांचं किट अस्सलच घ्या. नकली किटचे पडदे कडक असतात आणि सुई वेळेवर उघडत नाही. जोडल्यावर इनलेटला पंप लावून दहा पीएसआय भरा, काटा जागेवर राहिला पाहिजे.

मी ऑइल इंजेक्शनचा पंप काढून टाकला आणि त्या जागी झाकण बसवलं. पंप चांगला असेल तर ठेवायला हरकत नाही. पण तीस वर्षांच्या पंपावर नव्या पिस्टनची जबाबदारी टाकायला माझं मन तयार होत नाही. मिश्रण ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली. नव्या पिस्टनची पहिली टाकी २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. ऑइल मात्र स्कूटरचं नको. यामाहा आणि कावासाकीला पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू३ लागतं, ते मालवण-गोव्याकडे आउटबोर्ड इंजिनवाल्यांकडे मिळतं. सी-डूच्या रोटॅक्स इंजिनला एपीआय टीसी दर्जाचं लागतं. उलटसुलट करू नका.

बाहेरून येणारे पार्ट एकाच खेपेत मागवा. कुरिअर आणि कस्टम दर खेपेला नव्यानं बसतं.

पाण्याची वाट, पंप आणि हल

सिलिंडरच्या जॅकेटमध्ये मिठाचे खडे साचतात. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून तारेनं सगळी भोकं मोकळी करा.

पंपात इंपेलरच्या (पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याच्या) पात्याचं टोक आणि भोवतालची रिंग यांच्यातलं अंतर फिलर गेजनं मोजा. अर्ध्या मिमीच्या आत असेल तर उत्तम. जसं वाढेल तसं इंजिन ओरडतं आणि मशीन पुढे सरकत नाही. वाळू-खड्यांनी चेपलेली स्टेनलेसची पाती सरळ करून घासता येतात. पंप बसवताना हलच्या सांध्यात सिलिकॉन भरपूर भरा, तिथून हवा शिरली तरी ओढ जाते.

हलचे तडे बुजवताना रेझिन इपॉक्सीच घ्या. यामाहाचे जुने हल एसएमसीचे (साच्यात दाबून घडवलेल्या फायबरचे) आहेत आणि फायबरच्या दुकानात सहज मिळणारं पॉलिस्टर त्यावर नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट रुंद उतार घासा आणि लहान-मोठे थर त्यावर चढवा. घासताना तोंडाला मास्क हवाच. वर लांबी, पेपर, आणि रंग गल्लीतल्या गाडी पेंटरकडून.

वायरिंगमध्ये नवं घेण्यासारखं फार कमी असतं. प्रत्येक अर्थचा सांधा चकचकीत होईपर्यंत घासा, कनेक्टरमध्ये ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, स्टार्टर रिले बदला. बॅटरी १२ व्होल्ट १९ अँपिअर-अवरची.

सुरू करताना

सीट काढून थोडा वेळ थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, हलच्या तळाशी साचून राहते. हे दर वेळी करायचं.

घरी पाण्याच्या नळीवर चालवताना क्रम पाठ हवा. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. पाण्याशिवाय पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवू नका. बाजूच्या भोकातून पिचकारी आली की पाणी फिरतंय.

पाण्यातली चाचणी रंकाळ्यात किंवा कळंब्यात करायचा विचारही नको. कळंब्याचं पाणी शहर पितं, आणि रंकाळा आपण सगळ्यांनी जपायचा आहे. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद पंप ओढून घेतो, म्हणून तेही नाही. यांत्रिक बोटींना नद्या-जलाशयांत २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार नोंदणी लागते, किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाचे नियम आहेत. मी मशीन मालवणला नेतो, परवानगी असलेल्या ओळखीच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्या दादांकडे. लाइफ जॅकेट अंगावर, किल स्विचची (आपण पडलो की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला. पंपाखाली कमरेएवढं पाणी असल्याशिवाय थ्रॉटल द्यायचा नाही, नाहीतर वाळू थेट इंपेलरमध्ये.

पहिल्या टाकीत थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेऊ नका, कमी-जास्त करत राहा. किनाऱ्यावर येऊन प्लग काढून बघा. दोन्ही चहाच्या रंगाचे असतील तर कार्बोरेटर जमलाय. एखादा पांढरा पडला असेल तर तिथेच थांबा आणि हवेची गळती शोधा, दुसरी फेरी मारू नका. परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं आतून दहा मिनिटं धुवा, हलचे ड्रेन प्लग उघडे ठेवा, बॅटरी काढा. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपत येईपर्यंत इंजिन नळीवर चालू द्या, अडखळायला लागलं की आधी पाणी बंद करा, मग इंजिन. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून कपलिंग दोन-तीन वेळा हातानं फिरवा.