नाशिकहून पक्षी आणि जहाजे पाहायला : निवृत्तांसाठी मार्गदर्शन

निवृत्तीनंतर निसर्ग पाहायला निघायचे म्हटले की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती गुडघ्यांची. पाणपक्षी आणि जहाजे पाहण्यासाठी मात्र चालावे थोडे लागते आणि बसावे पुष्कळ लागते. बेत फसतो तो वेळ चुकल्यामुळे. पक्षी ऋतू आणि पाण्याची पातळी पाहून येतात, खाडीतली सारी हालचाल भरती-ओहोटीवर चालते, आणि नोकरीच्या काळात हाती लागणाऱ्या रविवाराशी यांपैकी कशाचाच मेळ बसत नसतो. आता बुधवारी सकाळीही निघता येते, म्हणून वार बाजूला ठेवून ऋतू आणि तिथी पाहून बेत आखावा.

सुरुवात घराजवळून करावी. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा तोटाच, पण त्यातून उथळ पाणी, लहान बेटे आणि पाणवनस्पतींचे जे जाळे तयार झाले त्याने पक्ष्यांची सोय केली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये हे स्थळ राज्यातील पहिली रामसर पाणथळ, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे हिवाळी पाहुणे, डोक्यावर पांढरा टिळा मिरवणारे वारकरी पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक हे सारे चापडगावच्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यांवरून एका जागी बसून पाहता येते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की पाण्याची पातळी बदलते आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात, म्हणून निघण्यापूर्वी तेथील स्थानिक मार्गदर्शकांना फोन करून पाण्याची स्थिती विचारून घ्यावी. त्याच फोनमध्ये स्वच्छतागृह चालू आहे का, हेही विचारावे. या वयात तो प्रश्न पक्ष्यांइतकाच महत्त्वाचा असतो. पहाटेचा हट्ट मात्र धरू नये. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा नीट उजाडल्यावरच बांधाच्या वाटेला लागावे आणि एकट्याने जाऊ नये.

दुर्बीण घेताना अधिक मोठे करून दाखवणारी ती अधिक चांगली, असे दुकानदार सांगतात. दहापट किंवा बारापट दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते, त्यामुळे साठीनंतर ८×४२ या मापाची दुर्बीण पुरेशी आणि सुखाची ठरते. यातील पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चष्मा असेल तर तो न काढता पूर्ण गोल चित्र दिसते का, हे दुकानातच तपासावे. सोबत पाठ असलेली घडीची खुर्ची असावी आणि सूर्य पाठीमागे राहील अशी जागा निवडावी, कारण समोरून ऊन आले की सगळी बदके सारखीच काळी दिसतात.

पाण्याचा कंटाळा आला तर येवला तालुक्यातील ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उघड्या माळावर काळविटांचे कळप गाडीत बसूनही दिसतात. खाली उतरून त्यांच्या दिशेने चालू लागले की ते निघून जातात.

समुद्राकडे वळण्यापूर्वी भरतीचे गणित समजून घ्यावे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून पूर्ण भरतीचा अंदाज बांधता येतो : चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि हीच वेळ दिवसा व रात्री दोन्हीकडे लागू धरायची. यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होऊ शकते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पाहावी. बेताची तारीख ठरवायला मात्र भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. नाशिकहून सकाळी निघून रात्री परतणाऱ्याला पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा भरती दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान येते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाण्याची चढउतारही मोठी असते.

या गणिताचा पहिला उपयोग ठाणे खाडीत होतो. येथील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित दूरवर पांगून त्यातील शेवाळ आणि बारीक जीव टिपत फिरतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे रेटले जातात. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या बोटी सुटतात, त्यांच्या वेळा भरतीनुसार रोज बदलतात, म्हणून आगाऊ नोंदणी केल्याशिवाय जाऊ नये. जानेवारी ते एप्रिल हा काळ धरावा. शिवडीची जेट्टी अधिक प्रसिद्ध आहे, पण बसण्याची सोय आणि सावली यांचा विचार करता ज्येष्ठांना मी ऐरोलीच सुचवेन.

जहाजांसाठी मुंबई बंदरासारखी जागा नाही, आणि ते पाहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जाणारी बोट. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने गेल्यास दुपारची फेरी मिळते. लेण्यांना सोमवारी सुट्टी असते. एका बाजूच्या सुमारे तासाभराच्या प्रवासात नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे, जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागलेली तेलवाहू जहाजे, त्यांना ढकलणाऱ्या टग नावाच्या छोट्या नौका आणि पलीकडे न्हावा शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात. लेण्यांसाठी सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. ज्याला जहाजेच पाहायची आहेत त्याने त्या न चढता जेट्टीजवळ बसून चहा घेतला तरी बेत वाया जात नाही. नौदलाच्या जहाजांचे आणि गोदीचे फोटो काढू नयेत. लाइफ जॅकेट अंगावर बांधूनच बसावे. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात होऊन जीवितहानी झाली होती.

जहाज नुसते पाहण्यापेक्षा वाचता आले तर अधिक गंमत येते. त्याच्या मागच्या बाजूला नाव आणि त्याखाली नोंदणीचे बंदर लिहिलेले असते. तेथे पनामा किंवा मोनरोव्हिया दिसले म्हणून जहाज तिकडून आले असे समजू नये, कारण कर आणि नियमांच्या सोयीसाठी मालक परदेशात नोंदणी करतात. नाव, मालक आणि झेंडा बदलला तरी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक जहाजाला जन्मभर तोच राहतो. जहाज उंच तरंगत असेल आणि खालचा लाल रंग बराच दिसत असेल तर ते रिकामे किंवा हलके आहे, आणि तो रंग पाण्याखाली गेला असेल तर भरलेले. मरीन ट्रॅफिकसारखे ॲप मोबाइलवर घेतले तर समोरच्या जहाजाचे नाव, प्रकार आणि पुढचे बंदरही बहुधा कळते. याहून आरामाचा प्रवास हवा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा, म्हणजे गाड्याही थेट आत चढवून नेणारे जहाज, घ्यावी. ते जहाज मोठे असल्याने हेलकावे कमी जाणवतात.

मुक्कामाची तयारी असेल तर मंडणगड तालुक्यातील वेळास गाठावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतील घरट्यांतून बाहेर येतात आणि सकाळी व संध्याकाळी ती समुद्राकडे सोडली जातात. त्या त्या दिवशी पिल्ले निघतीलच असे कोणीही सांगू शकत नाही, म्हणून एका रात्रीसाठी धावत येणाऱ्यांपेक्षा तीन रात्री राहू शकणाऱ्या निवृत्तांना ती दिसण्याची शक्यता अधिक. राहण्या-जेवण्याची सोय गावातील घरांमध्येच होते. खाली बसून शौचाची सवय मोडली असेल तर कमोड असलेले घर आधीच मागून घ्यावे. श्रीवर्धनकडून आल्यास बागमांडला ते वेश्वी अशी फेरीबोट गाडीसह खाडी ओलांडून देते.

बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यायची असते, परंतु तिने गुंगी येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भाड्याच्या बाबतीत एसटी सोयीची आहे : राज्यात ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट, ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवास आणि महिलांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट मिळते, वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची सवलत २०२० मध्ये बंद झाली आहे, तेव्हा मुंबईच्या फेरीचा खर्च पूर्ण तिकीट धरूनच मांडावा.