चैत्रातल्या लहरी हवेत मोठ्या धरणावर गळाने मासेमारी

होळी झाली की मराठवाड्यातल्या येलदरी धरणाचे पाणी काठ सोडू लागते. कालव्यांतून शेतीला पाणी सोडण्याचे उन्हाळी आवर्तन सुरू होते, आठवड्यागणिक किनारा आत सरकतो आणि मागे उरलेल्या ओलसर गाळात गाळपेराची कलिंगडे आणि काकड्या दिसू लागतात. याच दिवसांत, म्हणजे फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत, मराठवाड्याची हवा सर्वांत बेभरवशाची असते. सकाळी पाणी आरशासारखे निवांत असते, दहा-अकरानंतर वारा उठतो, दुपारी उकाडा जीव नकोसा करतो आणि चारच्या सुमारास डोंगरामागून आभाळ वर येऊन कधी नुसताच धुरळा उडवते, तर कधी गारा झोडपून जाते. अशा हवेत काल जिथे मासा लागला तिथेच आज जाऊन बसणे ही गळ टाकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक होय. मी स्वतः कित्येक वर्षे तीच करत आलो आणि रिकाम्या हाताने परतलो. या दिवसांत जागा रोज नव्याने, आणि वाऱ्यावरून ठरवावी लागते.

ट्राऊट माशाविषयीची पुस्तके वाचून कोणी येथे गळ टाकायला आले, तर त्याची फसगत होईल. काश्मीर आणि हिमाचलातील तो मासा साधारण 12 ते 16 अंशांच्या गार पाण्यात सुखाने राहतो; तेथील वसंत म्हणजे बर्फ वितळून पाणी जिवंत होण्याचा काळ असतो आणि वितळपाण्याने ते पुन्हा गारठले की मासा सुस्तावतो. आपल्याकडे उलटा प्रकार आहे. आपले रोहू, कटला आणि मृगळ 25 ते 32 अंशांच्या पाण्यात चांगले खातात, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना ऊब हवी असते आणि एप्रिल संपता संपता त्याच उबेपासून पळावेसे वाटते. हा पालट दीड-दोन महिन्यांत होतो. तो लक्षात ठेवला नाही, तर बाकीचे सगळे कौशल्य वाया जाते.

प्रथम परवानगीविषयी. धरणांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात आणि त्या पाण्यावर अनेक भोई कुटुंबांची चूल पेटते. म्हणून काठीने छंद म्हणून मासे धरणाऱ्यानेही आधी त्या संस्थेच्या माणसांना भेटावे, काय नियम आहेत ते विचारावे आणि त्यांच्या जाळ्यांच्या आसपास फिरकू नये. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे वन विभागाची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय काठी बाहेर काढू नये. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचे तोंड या जागा सर्वत्रच वर्ज्य समजाव्यात.

जागा शोधण्याचे काम घरून निघण्याआधी नव्हे, तर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सुरू होते. पाणी तळाला गेलेले असताना काठाने एक फेरी मारावी आणि उघडा पडलेला तळ डोळ्यांत साठवून घ्यावा: जुन्या ओढ्याची वळणे कोठून जातात, बुडीत गावाच्या भिंतींचे दगड कोठे आहेत, विहिरीचे कठडे, वठलेल्या बाभळींची खोडे, खडकाची पायरी. मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली, तर पुढल्या चैत्रात पाण्याखाली काय आहे हे अंदाजाने नव्हे, माहितीने सांगता येते. तेवढा वेळ नसेल, तर गाळपेराकडे पाहावे. शेताच्या उतारावरून एखादी घळ सरळ पाण्यात शिरताना दिसली, तर ती पाण्याखालीही तशीच पुढे गेलेली असते, आणि उथळातून खोलात जाण्यायेण्यासाठी मासा बहुतेक वेळा हीच वाट धरतो. काठावर बसताना गाळपेरासाठी पाण्यात सोडलेल्या मोटारींच्या वायरी कोठून गेल्या आहेत हेही पाहून घ्यावे. ओल्या गाळातली जोडलेली वायर जिवावर बेतू शकते.

आता वाऱ्याकडे वळू, कारण सगळे मर्म तेथेच आहे. वारा तीन-चार तास एकाच दिशेने वाहिला, की तो पाण्याचा वरचा, उन्हाने तापलेला थर ढकलत नेतो आणि ज्या काठावर लाटा आदळतात तेथे साठवतो. त्या थराबरोबर पाण्यातले सूक्ष्म जीव आणि शेवाळाचे कणही तेथे गोळा होतात. कटला हेच खातो, त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते ते त्यासाठीच, म्हणून तो त्यांच्या मागे जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी अजून गार असताना असा लाटांचा काठ सोन्यासारखा असतो, कारण ऊब आणि खाद्य दोन्ही एकाच जागी मिळतात. ज्या काठावर बसायला सुखाचे वाटते, पाठीमागून वारा येतो आणि समोर पाणी गुळगुळीत असते, तेथे सहसा काहीच नसते. तोंडावर वारा घेऊन बसणे त्रासाचे आहे, डोळ्यांत धूळ जाते, दोरा उलटा येतो; तरीही तेथेच बसावे. एप्रिलच्या मध्यानंतर उथळ पाणी इतके तापते, की ऊब हा लाभ राहत नाही. मात्र लाटांमुळे पाण्यात हवा मिसळते, आणि गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच कमी असल्याने तीच हवा माशाला तेथे टिकवून धरते. काठ तोच राहतो, फक्त आता आमिष उथळात न टाकता जवळच्या खोल पायरीच्या कडेला टाकावे.

पहाटेविषयी एक समज आहे, की उजाडताच मासा सर्वांत जास्त खातो. वाहत्या किंवा स्वच्छ पाण्यात ते खरे असेल, परंतु धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्याच्या, टोकाला असलेल्या हिरवट, साचलेल्या पाण्यात मला त्याचा अनुभव उलटा आला आहे. शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्रभर तो वापरते, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदला दिवस ढगाळ गेला असेल, तर आणखीच कमी. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात, त्याला नवखा माणूस भूक समजतो, पण ती घुसमट असते. अशा सकाळी घाई न करता ऊन तास-दीड तास वर येऊ द्यावे, किंवा जागा बदलून मोकळ्या पाण्यावर जावे.

साहित्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नऊ-दहा फुटांची काठी, साधे फिरते रीळ, 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीची तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि रोहूसाठी 6 किंवा 8 नंबरचा गळ एवढे पुरते. बेंडाचा किंवा तयार मिळणारा तरंगा चालतो. लाटांच्या काठावर मात्र तो थोडा जाड असावा आणि त्याखालचे शिसे थोडे वाढवावे, नाहीतर प्रत्येक लाट मासा लागल्यासारखी भासते.

आमिषाला मात्र वेळ द्यावा. शेंगदाण्याची पेंड मंद आचेवर भाजून कुटावी, रात्री कोमट पाण्यात भिजवावी आणि सकाळी तिच्यात गव्हाची कणीक व थोडा कोंडा घालून मळावी. ही कणीक बरोबर झाली की नाही हे काठावर बसून कळत नाही, म्हणून लिंबाएवढा गोळा बादलीभर पाण्यात सोडून पाहावा. पहिली दोन-तीन मिनिटे तो तसाच राहिला, मग त्याच्या कडेपासून एकेक कण सुटून धुरासारखे पसरू लागले आणि दहा मिनिटांनीही मधला गाभा शिल्लक असला, तर ती कणीक रोहूसाठी योग्य आहे. टाकताच फुटली तर गव्हाची कणीक वाढवावी. पंधरा मिनिटांनीही दगडासारखी पडून राहिली तर कोंडा वाढवावा. कटल्यासाठी याउलट हलके आमिष लागते. फुटाण्याच्या पिठात थोडीच कणीक घालून ते तरंग्याखाली एक-दीड मीटरवर टांगावे, म्हणजे त्याचा ढग पाण्यात पसरतो आणि कटला तो ओढून घेतो. मासे जमवण्यासाठी पाण्यात टाकायचे चाऱ्याचे गोळे हवा बदलत असताना नेहमीच्या निम्मेच टाकावेत. गारठलेला किंवा घुसमटलेला मासा थोडेच खातो, आणि त्याचे पोट आपल्याच चाऱ्याने भरले, तर गळाकडे तो पाहतही नाही.

तरंग्याची भाषा सवयीने कळते. रोहू आधी दोन-तीन बारीक टिचक्या देतो, क्षणभर थांबतो आणि मग तरंगा तिरपा होऊन सरकत खाली जातो. झटका द्यायचा तो त्या सरकण्यावर, टिचकीवर नव्हे. मृगळ तळचे आमिष तोंडाने वर उचलतो, त्यामुळे शिशाचा भार हलका होऊन तरंगा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. सारखी फडफड होऊन काहीच हाती लागत नसेल, तर ती चिलापी (तिलापिया) असते आणि गळ मोठा केल्याने तिचा उपद्रव कमी होतो. शिंगटा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना हात न लावता जाड फडक्याने धरावे, कारण तो काटा लागला की हात तासन्‌तास ठणकतो.

वादळाविषयी मात्र मला सविस्तर सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी मी येलदरीच्या काठावर बसलो होतो. सकाळपासून तोंडावर येणारा वारा अडीचच्या सुमारास एकाएकी पडला. तरंगा पाण्यात खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला, पाण्यावर तेलकट चकाकी आली, आणि त्याच वेळी मासा लागू लागला; वीस मिनिटांत तीन रोहू. थर्माकोलच्या चप्पूवरून जाळी पाहून परतणारे एक वयस्क भोई माझ्याजवळ काठाला लागले आणि म्हणाले, “पाहुणं, काठ्या आवरा आता.”

“मामा, आत्ताच तर लागायलाय,” मी म्हणालो.

“लागायलाय म्हणूनच सांगायलो. वारं पडलं की तोंड लावतंय, अन् त्याच्या मागं आभाळ येतंय.”

मी आणखी दहा मिनिटे थांबलो. मागच्या टेकडीआडून गार वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा त्याला ओल्या मातीचा वास होता, आणि तो सकाळच्या नेमक्या उलट दिशेने आला. त्यानंतर काठी घडी करायलाही वेळ मिळाला नाही. उघड्या गाळपेरातून पळताना बोराएवढ्या गारा पाठीवर बसत होत्या, वीज समोरच्या काठावर उतरताना दिसली, आणि जुन्या पडक्या क्वार्टरच्या ओसरीत पोहोचलो तेव्हा हातपाय थरथरत होते. एक काठी रिळासह पाण्यात गेली ती गेलीच. त्या दिवसापासून मी एक खूण पक्की धरली आहे: चालता वारा अचानक पडला आणि मासा जोरात खाऊ लागला, तर ती निघण्याची वेळ समजावी.

मेघगर्जना ऐकू आली तर वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आहोतच असे धरून चालावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. 30 सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तोवर आपण निघालेले असले पाहिजे. कार्बनची काठी विजेची वाहक असते, ती उभी धरून चालू नये, खाली टाकावी. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्के घर किंवा बंद काचांची चारचाकी गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मराठीतही देते. ते मोबाइलवर घ्यावे, परंतु धरणाकाठी नेटवर्क जाते म्हणून आभाळाकडे पाहणे सोडू नये. चप्पूवर बसून गळ टाकण्याचा मोह तर या दोन महिन्यांत पूर्णपणे टाळावा. नाथसागराची क्षमता 2,909 दलघमी (दशलक्ष घनमीटर) असली, तरी तो सुमारे 35 हजार हेक्टरांवर पसरलेला असल्याने खोलीच्या मानाने त्याची रुंदी अफाट आहे, आणि अशा उथळ, मोकळ्या पाण्यावर वाऱ्याने पाहता पाहता आखूड, उंच लाटा उठतात. येलदरीची क्षमता 934 दलघमी, तिला डोंगरांचा आडोसा आहे. पण तेथे वारा घळींतून झोताने येतो आणि त्याचा अंदाज बांधता येत नाही.

वादळानंतरचा दिवस कसा जाईल हे पाऊस कोणता पडला यावर ठरते. नुसता कोमट वळीव येऊन गेला, तर त्याच संध्याकाळी मासा चांगला लागतो. गारा पडल्या असतील, तर काठचे पाणी अचानक गार होते आणि रोहू एक-दोन दिवस खोलात गुमान बसून राहतो. तेव्हा चार-सहा मीटर खोलीवर, अगदी लहान आमिषाने, फार अपेक्षा न ठेवता प्रयत्न करावा. ओढे गढूळ पाणी घेऊन आले असतील, तर गढूळ आणि स्वच्छ पाण्याची जेथे सरळ रेघ दिसते तेथे, रेघेच्या गढूळ बाजूला तळाशी गांडूळ सोडावे. पाण्याबरोबर वाहून आलेले किडे-मुंग्या खायला मृगळ, शिंगटा आणि अंधार पडल्यावर वामही तेथे येतात. सलग दोन दिवस ऊन पडून वारा पुन्हा आपल्या जुन्या दिशेने वाहू लागला, की लाटांच्या काठावर परतावे.

धरलेला मासा ओल्या गोणपाटात सावलीला ठेवावा, आणि बर्फ नसेल तर सकाळी दहाच्या पुढे धरलेला मासा ठेवूच नये, कारण चाळीस अंशांच्या उन्हात तो तासाभरात उतरू लागतो. एप्रिलच्या शेवटी ज्या मादीचे पोट फुगीर आणि मऊ लागते, ती पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालण्यासाठी तयार होत असते. तिला ओल्या हातांनी धरून लगेच सोडावे. उठताना तुटलेल्या तंगुसाचे तुकडे वेचून खिशात घालावेत, कारण तेच बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत गुरफटतात. घरी गेल्यावर रिळावरची पहिली तीन मीटर तंगूस, दिवसभर दगडांवर घासलेली आणि उन्हाने कडक झालेली, कापून टाकावी आणि गाठ नव्याने, थुंकीने ओली करून बांधावी.