रोमकरांस १३ आधी उघडू नका

सेमिनरीला, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या शाळेला, निघालेली आमच्या मिरज-सांगलीकडची मुलं असोत की राज्यशास्त्रात एम.ए. करणारी, देवाची सत्ता, राज्याची सत्ता आणि समाज नेमका कशासाठी चालवायचा, हा विषय दोघांनाही कधी ना कधी गाठतोच. मी सेमिनरीच्या वाटेने इथवर आले आणि आता मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुणांचा अभ्यासवर्ग घेते. नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगते, बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय एवढ्यात उघडू नका.

तो अध्याय बहुतेकांना अर्धाच पाठ असतो. सगळे अधिकार देवाने नेमलेले आहेत, एवढ्यावर थांबलं की कुठल्याही सरकारची सोय होते. म्हणून आधी बायबलमधलंच १ शमुवेल ८ वाचा. लोक हट्टाने राजा मागतात आणि म्हातारा संदेष्टा शमुवेल बजावतो, राजा तुमची पोरं सैन्यात नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. (द्राक्षमळ्याचं नाव निघालं की तासगावची पोरं सावरून बसतात!) मग १ राजे २१. अहाब राजाला नाबोथाचा मळा हवा असतो. वडिलोपार्जित आहे, देणार नाही, असं नाबोथ म्हणतो. खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाला दगडमार होतो आणि मळा राजाला मिळतो. एलीया संदेष्टा तिथे जाऊन राजाला तोंडावर जाब विचारतो. राजाच्याही वर कुणीतरी आहे याचा व्यवहारातला अर्थ या दोन अध्यायांतून जितका कळतो, तितका ईश्वरविज्ञानाच्या जाड पुस्तकातूनही कळत नाही.

त्यानंतर प्रेषितांची कृत्ये ५:२९, जिथे पेत्र आणि येशूचे इतर प्रेषित माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणार असं न्यायसभेला सांगतात, आणि प्रकटीकरण १३, जिथे सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते. एवढं झालं की रोमकरांस १३ उघडा, आणि तेही बाराव्या अध्यायापासून. पत्र साधारण इ.स. ५७ चं. नीरो गादीवर आलेला होता, पण रोममधला छळ ६४ सालचा, म्हणजे अजून पुढे होता. चौथ्या वचनात पौल म्हणतो, अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. सगळा अभ्यास या वचनाभोवती फिरवा. सेवकाला मालक असतो आणि काम नेमून दिलेलं असतं. ते काम तो करत नसेल तर काय, हा खरा प्रश्न.

आपल्या भागात त्यासाठी उदाहरण शोधत फिरावं लागत नाही. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. गावोगाव न्यायदान, सावकार आणि गुंडांचा बंदोबस्त ही कामं ते करत होतं, आणि कायदेशीर सरकार मात्र इंग्रजांचं. पौलाचं वचन तेव्हा कुणाला लागू करायचं? वर्गात यावर तास-तास भांडणं होतात, आणि मी ती होऊ देते. प्रतिसरकारनेही कठोर शिक्षा दिल्या, तेव्हा हाच प्रश्न त्यालाही लावायचा.

प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचा ग्रंथ, ‘देवाचं नगर’, सुरुवातीला पूर्ण वाचू नका, दमून जाल. ४१० साली रोम लुटलं गेलं, दोष ख्रिस्ती लोकांवर आला, त्याला उत्तर म्हणून त्याने तो लिहिला. चौथ्या भागात न्याय काढून घेतला तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरी, असं तो म्हणतो. तेवढा भाग आणि एकोणिसावा भाग पुरे. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्याच्याकडून कायद्याची व्याख्या घ्या: विवेकाची आज्ञा, सर्वांच्या हितासाठी, समाजाची जबाबदारी असलेल्याने केलेली आणि जाहीर केलेली. चारांतलं एक गळालं की काय उरतं ते स्वतः तपासा. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची दोन राज्यं (देव मंडळीत शुभवर्तमानाने आणि जगात कायद्याने राज्य करतो, ही शिकवण) परीक्षेपुरती करा. १५२५ च्या शेतकरी उठावात तो ज्या भाषेत शेतकऱ्यांवर तुटून पडला, ती वाचल्यापासून माझं मन त्याच्यावर बसत नाही. त्यापेक्षा जर्मनीतल्याच १९३४ च्या बार्मेन घोषणेला वेळ द्या, नाझी सत्तेने चर्चवर ताबा मिळवू नये म्हणून तिथल्या ख्रिस्ती लोकांनी ती केली.

मराठी माणसांनी यात काय केलं, हे बाहेरचे अभ्यासक्रम फारसं शिकवत नाहीत. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मंडळीच्या अधिकाराचाच प्रश्न त्यांनी असा उघडा केला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण निर्मिकाने (निर्माणकर्त्याने) सर्व माणसं सारखी निर्माण केली, मग एकाने दुसऱ्यावर जन्माने सत्ता गाजवायची कशी, हा ‘सार्वजनिक सत्यधर्म’मधला युक्तिवाद आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. तो ख्रिस्ती मुलांनी वाचलाच पाहिजे. मंडळीतली जात त्याने दिसते, आणि ते बोचतं.

समाजाचा हेतू काय, याचं उत्तर लिहिताना मिरजेचा दवाखाना विसरू नका. डॉ. वॉन्लेस यांनी तो १८९४ मध्ये उभारला, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. मत्तय २५ मध्ये राजा शेवटी हिशेब मागतो तो भुकेल्यांचा, आजाऱ्यांचा आणि तुरुंगातल्यांचा; त्यांचा धर्म तो विचारत नाही. सेवा ही धर्मप्रसाराची पायरी की स्वतःच पूर्ण काम, यावर मिशनच्या लोकांतही वाद झाले आहेत. माझं मत, सेवा हे स्वतःच पूर्ण काम आहे. मुलाखतीत हा प्रश्न आला तर गुळमुळीत बोलू नका, एक बाजू घ्या आणि संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ नीट वाचून जा.

आता नोकरीचं. पाळकाचा पगार कमीच असतो आणि बदल्या होतात. घरच्यांना हे आधी सांगा. आधी पदवी पूर्ण करा. राज्यशास्त्र किंवा इतिहास घेतलात तर पुढे या विषयात उडी मारायला सोपं जातं, आणि सेमिनरी नाही जमली तरी शिकवण्याची वाट उरते. मंडळीचं शिफारसपत्र लागतंच, म्हणून पाळकसाहेबांशी निदान वर्षभर आधी बोला. त्या वर्षात मराठी बायबलची दोन वेगळी भाषांतरं शेजारी ठेवून वर सांगितलेले अध्याय क्रमाने वाचून काढा.