गच्चीचं पाणी विहिरीत आणि बोरिंगमध्ये: इंदूरच्या घरासाठी पुनर्भरणाची पद्धत

हे काम एप्रिल-मेमध्येच काढायचं. मृग लागला की प्लंबर मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या खड्ड्यातलं बांधकाम नीट होत नाही.

इंदूरला पाऊस तसा कमी नाही. वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्यातही मोजक्या दिवसांत. बाकीचं वर्ष शहराची मदार नर्मदेवर. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात पोचलं. आजही ते नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणावं लागतं. नदी आणि शहर यांच्या उंचीत ४०० मीटरच्या आसपास फरक आहे. हजार लिटर पाणी एवढं वर न्यायला निव्वळ गणितानं एक युनिट वीज लागते, आणि पंपाची नि पाइपातली तूट धरली तर त्याहून बरीच जास्त. इतक्या महागाच्या पाण्यानं गाडी धुणारे आपण गच्चीवर पडलेलं पाणी मात्र पन्हळीतून थेट रस्त्यावर सोडून देतो.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर होते. ९३ गुणिले ९५०, त्यातले उडून, सांडून आणि पहिल्या सरीत सोडून देऊन २० टक्के वजा केले, तर हाती सुमारे ७०,००० लिटर लागतात. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापानं पाच जणांच्या घराची ही शंभर दिवसांची गरज. मात्र जमिनीत मुरवलेलं पाणी म्हणजे आपल्या नावावरची मुदत ठेव नव्हे. ते पसरतं, शेजारच्या बोरिंगलाही जातं. म्हणून एकट्यानं केलं तर फरक कमी दिसतो, गल्लीतल्या दहा घरांनी मिळून केलं तर नजरेत भरतो.

पाणी सोडायचं कुठे, हे पाइप विकत आणण्याआधी ठरवा. जुनी विहीर असेल तर पहिली पसंती तिला. नसेल तर बोरिंग, चालू किंवा बंद पडलेलं. दोन्ही नसेल तरच शोषखड्डा. इथेच लोक सर्वात जास्त फसतात. इंदूरची वरची माती काळी. ती भिजली की फुगते आणि तिच्या बारीक फटी बंद होतात. चार फुटांचा खड्डा काळ्या मातीतच संपला, तर पहिल्या आठवड्यात तो छान पितो आणि जुलैत डबकं होऊन बसतो. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलाच पाहिजे.

याची परीक्षा सोपी आहे. जिथे शोषखड्ड्याचा तळ येणार, त्या खोलीवर एक फूट रुंद आणि एक फूट खोल भोक घ्या. संध्याकाळी पाण्यानं भरा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते बघा. पाच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर जागा चांगली. एक सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथे पैसे पुरू नका. कोरड्या मातीवर घेतलेला आकडा खोटा असतो, म्हणून रात्रीचं भिजवणं टाळायचं नाही.

शोषखड्डा घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब घ्या, कारण फुगणारी काळी माती भिंतीला तडे देते. सेप्टिक टँकपासून १५ मीटरचं अंतर ठेवा. लहान प्लॉटवर एवढी जागा नसते. मग शोषखड्ड्याचा नाद सोडून गल्लीत मिळून सामाईक सोय करणंच शहाणपणाचं.

आता गच्ची. उतार पन्हळीकडे आहे का, ते बादलीभर पाणी ओतून बघा. खाली उतरणारा पाइप ११० मिलिमीटरचा घ्या. ७५चा स्वस्त पडतो, पण तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत याच गच्चीवरून तासाला चार हजार लिटरच्या वर पाणी येतं, आणि त्यात चार कडुनिंबाची पानं अडकली की गच्चीवर तळं. पन्हळीच्या तोंडाशी सपाट जाळी नको, घुमटासारखी उभी जाळी लावा. सपाट जाळी एका ओल्या वर्तमानपत्रानं बंद होते. गच्चीवर डांबर लावलेलं असेल, किंवा छत ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचं असेल, तर ते पाणी विहिरीत किंवा बोरिंगमध्ये सोडू नका.

पहिल्या सरीचं पाणी चहासारखं दिसतं: धूळ, कबुतरांची विष्ठा, आठ महिन्यांची काजळी. ते बाहेर सोडायचं. पहिले दोन मिलिमीटर म्हणजे १००० चौरस फुटांमागे सुमारे १८६ लिटर. अनेक जण भिंतीला तीन फुटांचा उभा बंद पाइप लावतात आणि काम झालं म्हणतात. ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जेमतेम साडेआठ लिटर मावतात, म्हणजे हा सगळा देखावा. त्यापेक्षा उतरत्या पाइपाला टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवून एका बाजूला बाहेर जाणारा व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरकडे जाणारा व्हॉल्व्ह लावा. हंगामातले पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण बाहेर. त्यानंतर चार-पाच दिवस उघडीप पडली की पुढच्या पावसाची पहिली १०-१५ मिनिटं बाहेर. व्हॉल्व्ह कमरेच्या उंचीवर आणि शक्यतो छपराखाली घ्या. भर पावसात शिडी लावून कुणी व्हॉल्व्ह फिरवत नाही, हे गृहीत धरूनच जागा निवडायची.

फिल्टर हा सगळ्याचा जीव. एवढ्या गच्चीला आतून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर खोल विटांची टाकी पुरते. तळाशी ३० सेंटिमीटर ४० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर २५ सेंटिमीटर २० मिलिमीटरची, त्यावर ५ सेंटिमीटर बारीक ६ ते १० मिलिमीटरची. मग नायलॉनची बारीक जाळी दोन पदरी, कडांना भिंतीवर चार बोटं वर वळवलेली. त्यावर ३० सेंटिमीटर जाड रेती. वरची ३० सेंटिमीटर जागा मोकळी. बाहेर नेणारा पाइप तळाच्या गिट्टीत भोकं पाडलेला ठेवा. रेतीच्या वर २० सेंटिमीटरवर सांडव्याचा पाइप द्या, आणि तो आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड घ्या. बारीक ठेवला तर टाकी तुंबून पाणी उलट पार्किंगमध्ये येतं.

रेती आणि गिट्टी धुतल्याशिवाय भरायची नाही. घमेल्यात घेऊन वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायची. गिट्टीची भुकटी बोरिंगमध्ये गेली तर ज्या फटीतून पाणी मुरायचं त्याच फटी लिंपल्या जातात, आणि ते परत उपसून काढणं फार कष्टाचं. जाळी वाचवायला जाऊ नका. रेती गिट्टीतून खाली घसरली की ती सबमर्सिबल मोटरचे पंखे झिजवते.

बोरिंगला जोडताना केसिंगच्या, म्हणजे बोरिंगच्या भोकात बसवलेल्या पाइपाच्या, तोंडाचं झाकण काढून ६३ मिलिमीटरचा पाइप वरून आत सोडा आणि सांधा पक्का बंद करा. केसिंगला जमिनीखाली भोकं पाडून भोवती गिट्टी भरायची पद्धत सर्रास चालते. ती टाळा, कारण तिथून मातीचं पाणीही फिल्टरला वळसा घालून आत जातं. झाकणावर हवा निघायला अर्धा इंची नळी ठेवून तिचं तोंड खाली वळवा आणि त्यावर जाळी बांधा. ती नसेल तर अडकलेली हवा पाण्याला गुळण्या करत परत वर ढकलते. जोडण्याआधी बोरिंगची भूक तपासा: ५०० लिटरची टाकी सलग ओता. पाणी केसिंगच्या तोंडाशी चढून तिथेच थांबलं तर ते बोरिंग तासाला चार हजार लिटर पिणार नाही. मग मधे साठवणीची टाकी घ्या आणि पाणी हळूहळू सोडा. बंद बोरिंग वापरणार असाल तर तोंडावर कुलूप लागेल असं लोखंडी झाकण हवंच. मुलांच्या जिवाशी खेळ नको.

अंगण, पार्किंग आणि रस्ता यांचं पाणी बोरिंगमध्ये कधीही नाही. त्यात तेल असतं, आणि गटार तुंबलं तर गटारही असतं. बोरिंग म्हणजे खालच्या पाण्यापर्यंतचा सरळ रस्ता, वाटेत गाळायला माती नाही.

विहिरीचं काम तुलनेनं सोपं. मात्र पाणी वरून धबधब्यासारखं पाडू नका, त्यानं तळाचा गाळ ढवळतो. पाइप भिंतीलगत उतरवून उन्हाळ्यातल्या पातळीच्या जरा वर संपवा आणि शेवटी कोपर वळवा. जुन्या वाड्यांतल्या बऱ्याच विहिरींत आज निर्माल्य आणि रंगीत गणपती पडलेले असतात. आधी गाळ काढावा लागेल. त्यासाठी कुणालाही नुसता दोर बांधून आत उतरवू नका. कंदील विझला नाही म्हणून आत विषारी वायू नाही, असं होत नाही. पंपानं उपसा करून यंत्रानं गाळ काढणाऱ्यांनाच बोलवा.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी वापरात असेल तर ब्लीचिंग पावडरचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर, तेव्हा पावडर ७० ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा. चोथा टाकायचा नाही. तासभर थांबून मगच उपसा. ओलसर, वास उडालेली पावडर वापरून उपयोग नाही.

देखभाल थोडी आहे, पण चुकवली की सगळं बंद. रेतीवर काळपट थर धरतो, अगदी दुधावरच्या सायीसारखा. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी तो बोटभर जाडीचा खरवडून काढा. सांडव्यातून पाणी वाहायला लागलं की समजायचं साय जाड झाली. दर मे महिन्यात रेती बाहेर काढून धुवून वाळवून परत भरा, कमी झाली असेल तेवढी नवी घाला. गच्चीवर रंग किंवा वॉटरप्रूफिंग करून घेतलं तर त्या वर्षीचे पहिले काही पाऊस बाहेरच सोडा.

उपयोग होतोय की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. विहिरीच्या काठावर एक खूण करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिथून पाण्यापर्यंतचं अंतर टेपला वजन बांधून मोजा. सकाळी, मोटर चालू करण्याआधी. उपसा झाल्यावर पातळी काही तास खालीच असते आणि आकडा फसवतो. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा आणि डिसेंबरनंतर ते रद्दीत देऊ नका. दोन मे महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघायचे, जून-जुलैचे नाहीत.