बँडसॉच्या चाकावरचा पट्टा बदलताना

माझी फिरती बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर गोल फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, १९ इंची चाकांची. कुडाळच्या आसपास लोकांच्या बागेत जाऊन फणस, अकेशियाचे ओंडके चिरून देतो. मे महिन्यात पातं थरथरायला लागलं, फळीवर लाटा उठू लागल्या. धार गेली असं समजून पातं बदललं, ताण वाढवला. फरक शून्य!

शेवटी झाकण उघडलं. पातं ज्यावर बसतं तो चाकाच्या खाचेतला रबरी पट्टा झिजून लोखंडी कडेच्या बरोबरीला आलेला. पट्टा कडेपेक्षा वर हवाच, नाहीतर दातांना दिलेला सेट, म्हणजे दोन्ही बाजूंचा बाक, लोखंडावर घासून मरतो.

जुना पट्टा सुतळीने मोजला आणि बी ५९ आणला. इथेच फसलो, कारण जुना ताणलेला असतो. नवा हाताने सहज चढला तेव्हाच शंका यायला हवी होती. तासाभरात चाकावर सरकायला लागला. मग जुन्यावरचा चीक पुसून पुसट अक्षरं वाचली: बी ५७. बी म्हणजे वरची रुंदी १७ मिमी, जाडी ११. पुढचा आकडा आतली लांबी, इंचात.

दोन्ही चाकांचे एकदमच बदलले. खाचेत भुशाचा थर दगडासारखा बसला होता, तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. पट्टे गरम पाण्यात बुडवून, पुसून, स्क्रूड्रायव्हरने चढवले. तरी घाम निघाला. पातं आता वर बसतं, म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे पात्याची चाकावरची जागा, पुन्हा लावलं.

फणसाची पहिली फळी सरळ निघाली. बागवाले काका म्हणाले, "आता ह्येचो आवाजच येणा नाय!"