शाळेत डोकं फिरलेला दिवस कसा काढायचा

यंदा आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नवीन शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असणारे शिक्षक) आलेत. त्यातल्या एका मुलीनं मागच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक) चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मॅडम तुम्हाला कधी शाळेतून पळून जावंसं वाटलंय का? मी म्हटलं हो, महिन्यातून दोनदा तरी. ती हसली पण डोळे भरलेले होते. तेवढ्यात परत सभागृहात बोलावलं आणि बोलणं राहून गेलं. म्हणून हे लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

आधी माझं सांगते. मी कोल्हापूरकडची, २०१९ ला पवित्र पोर्टलवरून (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) निवड झाली आणि पोस्टिंग बीड जिल्ह्यात, एका वस्तीवरची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. आमच्याकडे पोरं बाई म्हणतात, इथं मॅडम, त्या एका शब्दाची सवय व्हायलाच दोन महिने गेले. मानधन ६००० रुपये, त्यातले १५०० खोलीभाडं, पेट्रोल वेगळं. तीन वर्षांचा काळ २०२२ ला संपला आणि लगेच २०२३ मध्ये ते मानधन १६००० झालं, आता हसून सांगते पण ते ऐकलं त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. डीएडला आम्हाला बालमानसशास्त्र होतं, पाठ टाचण म्हणजे पाठाची तयारी कशी लिहून काढायची ते होतं, पण सकाळी साडेदहालाच डोकं फिरलं तर पाच वाजेपर्यंत काय करायचं हे कोणी शिकवलं नाही.

माझा सगळ्यात वाईट दिवस पहिल्याच वर्षीचा, जानेवारी २०२०. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, कोयता निघाला की वर्ग रिकामा. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, जाणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्ड देतो म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल, पण उसाच्या फडावर पोरगं शाळेत बसतं की धाकट्या भावाला सांभाळत बसतं हे तुम्हीच समजून घ्या. तर त्या दिवशी शाळा तपासायला वरचे साहेब आले. माझ्याकडे पहिली-दुसरी होती, पटावर २२, हजर ११. त्यांनी चार पोरांना उभं करून वाचायला लावलं, दोघं अडखळली, एक लाजेनं बोललंच नाही, आणि शेरेबुकात लिहून गेले की अध्ययन स्तर असमाधानकारक, शिक्षिकेने प्रयत्न वाढवावेत. बाहेर जाताना वर हेही म्हणाले की नवीन लोकांना फक्त पगाराची घाई. ६००० च्या पगाराची!

त्यानंतर मी वर्गात गेले. खरंतर तिथंच चुकलं, पाच मिनिटं बाहेर थांबायला हवं होतं. दुसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. ५२ वजा २७. एक पोरगा होता, नाव नाही सांगत, त्यानं उत्तर काढलं ३५. परत समजावलं, परत ३५. तिसऱ्यांदा ३५ आणि माझ्या तोंडातून निघालं, दगड आहेस का रे तू? बाकीची पोरं खो खो हसली. तोही हसला. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत आवाज आला, ए दगड्या, बॉल दे.

आदल्या रात्रीच मला झोप नव्हती आणि त्या ३५ वर डोकं चाललं होतं. सात दोनमधून जात नाहीत तर त्यानं दोन सातमधून काढले, राहिले ५. पाचातून दोन गेले, राहिले ३. पस्तीस. म्हणजे पोरगा प्रत्येक वेळी तोच नियम लावत होता, मोठ्यातून लहान काढायचं, कारण आधी मीच तसं सांगितलं होतं की मोठ्यातून लहान वजा करतात. त्याचं डोकं अगदी सरळ चालत होतं, तिन्ही वेळा. त्या सकाळीच मी परिपाठाला, प्रतिज्ञा झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं की काल माझं चुकलं, मी वाईट बोलले, आणि मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन एक गठ्ठा सोडून दाखवला. त्याला गणित आलं. पण नाव काही गेलं नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, शाळा बंद, आणि १ डिसेंबर २०२१ ला आमच्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या तेव्हा तो चौथीत होता, आणि गेटमधून आत येताना पहिली हाक कोणती आली असेल? आता तो मोठ्या शाळेत आठवीला आहे, रस्त्यात भेटला की पाया पडतो, मित्र अजून तेच नाव घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, छडी मी कधी हातात घेतली नाही म्हणून आपण त्यात बसत नाही असं मला वाटायचं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते, वाईट दिवशी पोराबद्दल विशेषण वापरायचं नाही, फक्त क्रियापद. वही काढ. परत कर. इकडे बस. पाणी पिऊन ये. आळशी, मठ्ठ, दगड यातलं काही नाही, शहाणासुद्धा नाही (तो टोमणाच असतो बहुतेक वेळा). चांगल्या दिवशी काय बोलायचं ते बोला, तेव्हा जीभ आपल्या ताब्यात असते. आणि आवाज चढतोय असं वाटलं की मी फळ्याकडे तोंड करून तारीख-वार-सुविचार अगदी सावकाश वळणदार लिहून काढते, दोन मिनिटं पाठ फिरवून उभं राहिलं तरी अर्धा राग खडूत जातो, पोरांना वाटतं मॅडम अक्षर काढतायत.

दुसरं म्हणजे मी टाचण वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायला लागले. डायरी वगैरे नाही हां, तेवढा वेळ कुणाला आहे, फक्त किती वाजता डोकं फिरलं आणि कशावरून. वर्षभरानं सगळं एकत्र वाचलं तर बहुतेक नोंदी दुपारी तीन ते चारच्या. आधी वाटलं पोरं जेवून सुस्तावतात म्हणून असेल. मग लक्षात आलं की पोरं जेवलेली असतात, मी नाही. पोषण आहाराची खिचडी वाटायच्या आधी शिक्षकानं चाखायची आणि चव रजिस्टरला नोंद करायची असा नियम, तेवढा एक चमचा पोटात, मग पोरांना वाढायला उभं राहायचं, मग हजेरी गुणिले १०० ग्रॅम तांदूळ करून साठा रजिस्टर, मग ॲपला आजची संख्या टाकायची तर रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायचं, खाली येईपर्यंत घंटा. डबा तसाच. म्हणजे ज्याला मी पोरांचा त्रास म्हणत होते तो निम्मा माझ्या न खाल्लेल्या पोळीभाजीचा त्रास होता. आता काहीही होवो, पोरांच्या पंगतीतच डबा उघडून बसते. माहिती दहा मिनिटं उशिरा गेली तर शाळा बंद पडत नाही.

माहितीवरून आठवलं. शिक्षकांच्या ग्रुपवर वरून रोज काहीतरी तात्काळ मागणी असते. आधार मिसमॅच (पोराचं आधारवरचं नाव न जुळणं), यू-डायस (शाळांची सरकारी माहिती), अमक्या दिवसाचे फोटो, तमक्या उपक्रमाची लिंक, आणि खाली लाल अक्षरात, न भरणाऱ्या शाळांनी खुलासा सादर करावा. नवीन माणूस घाबरतो. तुम्हाला सांगते, दोन-तीन महिन्यांत कळतं की खरं तात्काळ कुठलं आणि नुसतं फॉरवर्ड झालेलं कुठलं, तोपर्यंत केंद्रातल्या एखाद्या जुन्या शिक्षकाला विचारा. पण डोकं तापलेलं असताना ग्रुपवर काहीही टाइप करू नका, प्लीज. मी एकदा जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरी अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, कलम २७ वाचा असं लिहून टाकलं होतं. शंभर टक्के बरोबर होतं. पुढचे दोन महिने प्रत्येक माहिती पहिल्यांदा माझ्याच शाळेला मागितली जायची.

पालक भांडायला आले तर दारात उभं राहून बोलू नका. हे मला आमच्या सरांनी शिकवलं, शाळेतले दुसरे शिक्षक, वीस वर्षं नोकरी झालेली. एकदा पोरगी मैदानात पडली, गुडघा फुटला, वडील तरातरा आले, ओ मॅडम, लेकरू पडलं तव्हा तुम्ही काय मोबाईल बघत होता का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर सरांनी खुर्ची पुढे केली, बसा, पाणी घ्या, पोरीला बोलावून मलम लावलेलं दाखवलं, आणि दरम्यान शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना फोन. खुर्चीत बसलेला माणूस उभ्याइतका जोरात भांडू शकत नाही. बास, एवढंच त्यातलं शास्त्र.

सरांचा अजून एक उपकार. आम्ही तालुक्याला राहतो, जाता-येता एकाच रस्त्यानं, चौदा किलोमीटर, त्यांची मोटरसायकल माझी स्कूटी. मध्ये बंधाऱ्याजवळ एक टपरी आहे. नियम असा की टपरीपर्यंतच शाळेचं रडगाणं गायचं, चहा पिताना काय बोलायचं ते बोला, शिव्या द्या, चहा संपला की घरचे विषय. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. पण खोलीवर एकटी राहणाऱ्या माणसानं दिवस तसाच घरी नेला तर तो रात्री अकरापर्यंत बोलत बसतो आणि ऐकायला दुसरं कोणी नसतं. तुम्हाला असे सर मिळाले नाहीत तर डीएडची मैत्रीण बघा, फोनवर पंधरा मिनिटं. फक्त असं माणूस शोधा जे ऐकून घेईल, कारण ज्या ग्रुपमध्ये रोज सगळेच रडतात तिथं आपला एक दुखणारा दात असतो तर सगळी बत्तीशी दुखायला लागते.

आणखी बारीकसारीक. वाईट दिवशी वह्या तपासू नका, लाल पेनाला राग कळतो. त्या दिवशी बदलीचा अर्ज, राजीनामा, मुख्याध्यापकांशी हिशोब चुकता करणं, यातलं काही नको, दोन दिवस थांबा. किरकोळ रजा वर्षाला १२ आहेत, त्या साठवून पदक मिळत नाही. हां, दोन शिक्षकी शाळेत आपण रजा टाकली की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात म्हणून शरम वाटते, त्यावर आम्ही तोडगा काढलाय, आदल्या संध्याकाळी सांगायचं आणि आपल्या वर्गाचं दिवसभराचं काम फळ्यावर लिहून जायचं.

पण हे सगळं एखाद-दुसऱ्या दिवसाचं झालं. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, पोरांचा नुसता आवाज सहन होत नाही, असं सलग तीन-चार आठवडे चाललं असेल तर ते चहाच्या टपरीवर सुटत नाही. मला कोविडनंतर शाळा उघडल्यावर झालं होतं तसं, तिसरीचं पोरगं मुळाक्षरं विसरलेलं बघून रोज हात गळायचे. मी डॉक्टरकडे गेले, गोळ्या लागल्या नाहीत पण बोलून फरक पडला. आता टेली-मानस आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू. आपल्याकडे मास्तरला असलं काही होतं हेच लोकांना पटत नाही, सहा तास बसून पगार घेता म्हणतात, म्हणू द्या.

आता डब्याचं सांगते, त्या मुलीला मी तेच सांगणार होते. माझ्या कपाटात एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा आहे, वर काही लिहिलेलं नाही. त्यात शंभरेक चिंचोके, चिठ्ठ्या (प्रत्येकीवर एक शब्द, चार चिठ्ठ्या उचलून गोष्ट तयार करायची), जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेले अंक, दोन फासे, एक टेप. ज्या दिवशी मला शिकवणं जमणार नाही असं सकाळीच कळतं, म्हणजे घरून फोनवर भांडण करून आले, ताप आहे, नाहीतर साहेब येऊन गेलेत, त्या दिवशी डबा पोरांच्या हातात. कुणी चिंचोक्यांचे दशक-एकक करतं, कुणी वर्गाची लांबी मोजतं, कुणी गोष्ट जोडतं, चौथीची दोन पोरं सरांना विचारून पहिलीवाल्यांना खेळवायला आणते. मी खुर्चीत बसते आणि बघते. काम चालूच असतं, फक्त माझ्या तोंडानं चालत नाही. उलट असल्या दिवशी मला पोरांबद्दल जास्त कळलंय, कोण दुसऱ्याला समजावून सांगतं, कोण नुसतं मान डोलावतं. पहिल्या वर्षी मला हे कामचुकारपणा वाटलं असतं.

डबा सुट्टीतच भरून ठेवा, आयत्या वेळी काही सुचत नाही. आणि चिंचोके आणाल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या, आमच्या पहिल्या लॉटला भुंगा लागला होता, डबा उघडल्यावर पोरांनी गणित सोडून भुंगे मोजले.